भाड्याचा पाव्हणा

माझ्या मेव्हण्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा मुलगा अमोल (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात) परदेशात निवडणुका लढवतो. म्हणजे स्वतः उभा राहत नाही; जे उभे राहतात त्यांना निवडून आणायचं कंत्राट घेतो. परवा त्यानं आम्हा दोघांना थेरगावला डांगे चौकाजवळच्या नव्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं आणि समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात त्याच्या कंपनीनं एक मंत्री कसा पाडला, ते मटणाच्या वाटीबरोबर वाढलं. त्या देशाची भाषा पोराला येत नाही, तिथलं जेवण सोसत नाही. हॉटेलात बसून म्हणे सगळं केलं.

मी विचारलं, "तो मंत्री वाईट होता का रे?"

"मामा, ते बघायचं आपलं काम नसतं. आपण सल्लागार."

"अरे मग मीही सल्लागारच होतो की!"

तो हसला. म्हणाला, "मामा, तुम्ही भोंगे लावत होता."

घरी बोलावून, पोटभर जेवायला घालून अपमान. बायकोनं टेबलाखालून माझा पाय दाबला, म्हणून मी तेवढ्यापुरतं मटण खात राहिलो. पण दिवाळी अंकवाल्यांनी 'तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा' म्हणून मागं लकडा लावलाच होता, तेव्हा म्हटलं आता लिहूनच दाखवतो. मीही परदेशात निवडणुका लढवल्या आहेत. आमचा परदेश मोशीचा इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की सुरू व्हायचा, एवढाच काय तो फरक.

माझी कंपनी म्हणजे दापोडीला रेल्वेच्या कडेच्या गल्लीतली एक खोली. खोलीत दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर, ज्याला आम्ही 'मशीन' म्हणायचो, एक माईक, ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या आणि गुलाब पेंटर. बासष्ट साली मी पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर लागलो आणि त्याच सुमारास लग्नात भोंगे लावायचा जोडधंदा सुरू केला. लग्नं नसली की निवडणुका असायच्या. निवडणूक लागली की रजेसाठी माझी पाठ धरायची. कारखान्याचा डॉक्टर तर माझ्या पाठीवरून ओळखायचा, की आता कुठंतरी मतदान आहे.

गुलाब भोसरीच्या कारखान्यांच्या पाट्या रंगवायचा. 'धूम्रपानास सक्त मनाई' लिहिताना त्याच्या तोंडात विडी असायची. माणूस तोंडाचा तिखट, पण अक्षर असं की बघत राहावं. भिंती त्याच्याकडं आणि भोंगा माझ्याकडं, अशी आमची वाटणी होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, भोंगा लावला, उमेदवाराचं नाव ओरडलं, संपलं. अहो, नाव तर लहान पोरंही ओरडतात. खरी गंमत विरोधकाच्या माणसाला हसवण्यात आहे. हसलेला माणूस भांडायला येत नाही आणि शिक्का मारताना त्याला तेच हसू आठवतं. भिंतीचंही शास्त्र असतं. भिंत मालकाला विचारून रंगवायची नाही, मालकिणीला विचारून रंगवायची. मालक 'रंगवा' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी मालकीण त्यावरून शेणकाल्याचा हात फिरवते. गेली आपली निशाणी.

सुरुवातीला आम्ही इथंच, भोसरी-पिंपरीत कामं घ्यायचो. एकदा एका पतपेढीच्या निवडणुकीत समोरचे गृहस्थ नाकात बोलणारे निघाले. मी भोंग्यावरून नाकात सुरू केलं, "बंधूं आंणि भंगिनींनो!" अख्खी आळी हसून आडवी पडली आणि गृहस्थही पडले. तेव्हा साखर रेशनवर मिळायची आणि रेशनचं दुकान त्याच गृहस्थांच्या भावाचं होतं. हसवण्याच्या भरात हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्या दिवाळीला आम्ही गुळाचे लाडू खाल्ले. दुकानात गेलं की तो भाऊ माझ्याकडं बघून नाकातून म्हणायचा, "साखंर संपंली."

तेव्हा गुलाबनं नियम घातला. "राव, इंद्रायणीच्या अलीकडं धंदा नको. मोशीचा पूल ओलांडायचा, तिकडं काय घालायचा तो गोंधळ घालायचा आणि निकालाच्या आदल्या दिवशी सामान बांधून परत."

निकालाला थांबायचं नाही, हे त्यात महत्त्वाचं. उमेदवार जिंकला तर गुलाल मशीनमध्ये जातो आणि हरला तर उमेदवार आपल्या अंगावर येतो. शिवाय गावाचं पुढं काय झालं, ते बघायला लागत नाही. त्या वयात मला ही फार मोठी सोय वाटायची. पुलावर टेम्पो आला की मी खाली नदीत थुंकायचो आणि ते गाव माझ्यापुरतं मिटायचं.

परदेशातली गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. चाकणच्या बाजाराच्या दिवशी एका उमेदवाराला जीपमधून फिरवत होतो. शेजारी त्याची बायको बसलेली. घोषणा झाली, गाडी थांबली आणि माईक बंद करायचा राहिला. बाई सुरू झाल्या, "सभेला येळ हाय, आन् माज्या भावाच्या वास्तुकाला येळ न्हाई व्हय?" अख्खा कांदाबाजार कान टवकारून उभा. तो बिचारा म्हणाला, "चुकलं बाई माजं. तुज्या पाया पडतो, पन आता गप ऱ्हा." बायकोपुढं 'चुकलं' म्हणणारा पुरुष तालुक्यात पहिल्यांदाच ऐकला म्हणून बायकांनी त्याला भरभरून मतं दिली. गुलाब मला नेहमी विचारायचा, "माईक बंद करायचा राहिला, का ठेवला?" मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं असतील. दिवाळी तोंडावर आली होती आणि चाकणच्या पुढच्या एका गावातून तात्या आले. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं मला अजून जेवायला बोलावतात. तात्या म्हणजे मोठे कांदेवाले, टोपी कडक, मिशी कडक. पण चार माणसांपुढं बोलायला उभे राहिले की तोंडाला कोरड. ते ग्रामपंचायतीला उभे होते आणि त्यांच्या समोर उभी होती हौसाबाई. नवरा गेलेली, चाळिशीची, आणि जिभेला चाबूक लावलेली.

ते गाव दोन मजली. खाली गावठाण, तात्यांचा मळा आणि मळ्यात विहीर. वर टेकाडावर वस्ती. वरच्या बायका हंडे घेऊन खाली उतरायच्या आणि भरलेले हंडे घेऊन चढ चढायच्या. तात्यांचं ऑइल इंजिन सुरू असलं की विहिरीचं पाणी तळाला जायचं, मग बायका काठावर बसून राहायच्या. आधी कांदा पाणी प्यायचा, मग माणसं. हौसाबाईच्या सुनेचा त्या चढावर पाय घसरला होता. सातवा महिना होता तिला. सून वाचली, पोर गेलं.

गावाला सरकारी पाण्याची टाकी मंजूर झालेली. ती मळ्याशेजारी बांधायची की वर वस्तीत, ते नवीन पंचायत ठरवणार, आणि बाकीच्या जागा बिनविरोध जाऊन इकडची-तिकडची माणसं सारखी झाल्यानं या एका जागेवर सगळं अडलेलं. हौसाबाई उभी राहिली ती त्यासाठी. त्यात चिन्हं वाटली तेव्हा तात्यांना आली छत्री आणि तिला घागर.

गुलाब म्हणाला, "भावा, भांडण पाण्याचं आणि समोरच्याला निशाणी घागर! इथं आपलं काय खरं नाही."

गावात शिरताना तात्यांनी एक अट घातली. आम्ही भाड्यानं आलोय, हे कुणाला कळता कामा नये. हौसाबाई आधीच म्हणत होती, की तात्याला सोताचं तोंड न्हाई. त्यात तोंड भाड्यानं आणलंय हे कळलं असतं, तर झालंच. तेव्हा गुलाब पेंटर तो पेंटरच, पण मी मात्र पाव्हणा. पिंपरीच्या कंपनीतला, सुट्टीला आलेला, हौसेनं माईकवर बोलणारा पाव्हणा. मला काय, कारखान्यात मी टर्नर, चाकणला सल्लागार, इथं पाव्हणा. नाव बदललं तरी चहा तोच.

पण खेड्यात नुसतं पाव्हणा म्हणून भागत नाही. पारावर गेनाबा म्हणून एक म्हातारा बसायचा. गावातल्या कुणाची सोयरीक कुठं झाली, ते त्याला तोंडपाठ. मला बघितल्याबरोबर त्यानं विचारलं, "कुठलं म्हनायचं पाव्हणं?"

"पारनेरकडचे," मी म्हटलं. ते खरंच होतं, आमचं मूळ गाव तिकडंच.

"त्ये झालं. पन हितं कुनाचं?"

मी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि ठोकून दिलं, "आमच्या मंडळींचा चुलतभाऊ हाय."

गेनाबानं डोळे मिटले. बोटांची पेरं मोजली. मग डोळे उघडून एवढ्या मोठ्यानं बोलला, की पाराखालची कुत्री उठून बसली. "म्हंजी हौसाचाबी भाऊच की रं ह्यो!"

झालं होतं असं, की तात्यांची बायको मालन आणि हौसाबाई दोघी एकाच माहेरच्या, एकाच भावकीतल्या. चुलत बहिणी. एकीनं आपल्या जावेला सांगून दुसरीसाठी याच गावात स्थळ आणलेलं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, विसरले होते एकटे तात्या. बायकोला वीस वर्षं नांदवलं, पण तिचं माहेर कुठलं आणि तिथं आपलं कोण, हे लक्षात ठेवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. आमच्या पुरुषजातीची ही जुनी खोड. मेव्हण्याचं देणं-घेणं आठवतं, बायकोचं गोत आठवत नाही.

गेनाबा उठला तो थेट तात्यांच्या दारात. मी मागं, तात्या त्याच्या मागं, आणि आमच्या मागं निम्मं गाव. म्हाताऱ्यानं आत हाक मारली, "मालन, ये भाईर. ह्यो तुजा भाऊ व्हय गं?"

मालनबाई पदर सावरत चौकटीत आल्या. सकाळीच त्यांनी मला ओसरीवर चहा दिला होता, पण तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. फक्त मशीनवरच्या तांबड्या दिव्याकडं बोट करून, "ह्यो दिवा लागला की बोलतंय व्हय?" एवढं विचारलं होतं आणि मी खुशीत येऊन कुठलं बटण दाबायचं तेही दाखवलं होतं. आता त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, अगदी सावकाश, भाजी निवडावी तसं.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "दिनूदादा. ल्हानपनी लई रडका हुता."

सगळे हसले. तात्यांनी कपाळाचा घाम पुसला. मला वाटलं, सुटलो. गुलाब कानाशी लागला, "सुटला नाहीस भावा. बांधला गेलास."

पुढचे दिवस माझं तोंडच चालेना. घागरीवर मी एक फक्कड चाल तयार केली होती, 'घागर रिकामी, वाजते फार'. ती म्हणायला माईक हातात घेतला, की खालून कुणीतरी ओरडायचं, "पाव्हणं, भनीला असं बोलत्यात व्हय?" आणि लोक हसायचे. माझंच हत्यार माझ्यावर फिरलं होतं. छत्रीबद्दल बोलावं, तर बाकी राहिलंय काय बोलायचं? पाऊस केव्हाच संपला होता.

आणि मग आली भाऊबीज.

मला सख्खी बहीण नाही, चुलतही नाही. लहानपणी त्या दिवशी गल्लीतली सगळी पोरं कपाळाला कुंकू लावून मिरवायची आणि मी घरात बसून राहायचो. आई म्हणायची, बाहेर जाऊ नको, लोक विचारतात. तेव्हा भाऊबीज हा सण मी कॅलेंडरावरच पाहिलेला. तात्यांच्या ओसरीवर मी सकाळी वायरी जोडत बसलो होतो, तर समोरून हौसाबाई आली. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात ताट, ताटात निरांजन, सुपारी, करंज्या. मागं वरच्या वस्तीतल्या बायका. आणि गेनाबा तर काठी टेकत सर्वांच्या पुढं.

"पाट मांड गं मालन," ती आत बघून म्हणाली. "दादाला ओवाळायचं हाय."

पाट मांडला गेला. मी बसलो. डोक्याला टोपी नव्हती म्हणून गुलाबनं आपली रंगानं डागाळलेली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. हौसाबाईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि निरांजन फिरवता फिरवता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "सख्खा भाऊ न्हाई मला. चुलतभाऊ वाटणीच्या भांडणापास्नं येत न्हाईत. इतकी वर्सं चांदोबाला ओवाळत आले. औंदा चांदोबा पिंपरीहून टेम्पोनं आला."

बायका खिदळल्या. ती थट्टा करत होती, हे मला कळत होतं. मी तोतया आहे, हे तिला पुरतं ठाऊक होतं, हेही कळत होतं. तरी त्या कुंकवाचा गार ओलावा कपाळावर टेकला आणि मला आईची आठवण झाली.

मी खिशात हात घातला. तिनं ताट मागं ओढलं.

"पैसा नगं दादा. तुजा भोंगा दे. एक सकाळ."

भोंगा द्यावा, तर तात्यांचा विश्वासघात. देऊ नये, तर भाऊबीजेला बहिणीची ओवाळणी नाकारणारा भाऊ, म्हणजेच भाऊ नव्हेच, म्हणजेच भाडोत्री. मी तात्यांकडं पाहिलं. सगळं गाव तात्यांकडंच बघत होतं. 'हा माझा मेव्हणा नव्हे' हे एक वाक्य बोलायची त्यांची तयारी असती, तर त्यांची सुटका होती. पण ते वाक्य बोलायलाही तोंडाला कोरड पडली.

"द्या की पाव्हणं," तात्या कसेबसे म्हणाले. "सनाचा दिस हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही मशीन, बॅटरी, भोंगे सगळं वर नेलं. भोंगे खाली गावाकडं तोंड करून बांधले. मला वाटलं, आता बाई भाषण ठोकणार. मी माईक तिच्यापुढं धरला, तर ती म्हणाली, "माज्यापुढं नगं. हितं ठिव." आणि तिनं माईक चढ संपतो तिथं, हंडे उतरवायच्या दगडावर ठेवायला लावला.

खालून बायका पाणी घेऊन वर येत होत्या. पहिलीनं हंडा दगडावर टेकवला, माईकसमोर वाकली आणि नुसती उभी राहिली. तिला धाप लागली होती. ती धाप भोंग्यातून खाली गावात गेली. ती सरकली, दुसरी आली. मग एक म्हातारी, तिच्या छातीत शिट्टी वाजत होती. मग हौसाबाईची सून. कुणी नाव सांगितलं नाही, मतं मागितली नाहीत, घोषणा नाही. नुसते श्वास. सकाळच्या शांततेत खाली चुलीपुढं बसलेल्या, अंघोळीला पाणी काढणाऱ्या, पारावर तंबाखू मळणाऱ्या सगळ्या गावानं ते ऐकलं. एरवी तात्यांचं इंजिन याच वेळी सुरू व्हायचं. त्या दिवशी गड्यानं ते सुरूच केलं नाही.

मी मशीनपाशी आवाज कमी-जास्त करत बसलो होतो. इतकी वर्षं भोंगा लावला, पण भोंग्याची अशी भीती कधी वाटली नव्हती. गुलाब विडी न पेटवता शेजारी बसला होता. मला म्हणाला, "राव, ही बाई आपल्या धंद्यात नाही ते बरं आहे."

खाली तात्या भडकलेले होते. मतदानाला दोन दिवस राहिले होते. त्यांनी भोंगे वस्तीच्या तोंडाशी असलेल्या चिंचेवरच ठेवायला लावले, फक्त एकाचं तोंड वस्तीकडं वळवलं, आणि लांब तार ओढून मशीन आणि माईक परत आपल्या ओसरीवर आणवला. वरच्या मतांना जे ऐकवायचं ते आता इथून ऐकवायचं, असा बेत. मग मला जवळ बसवून घेतलं. विहिरीवर इंजिन धडधडत होतं, त्यामुळं त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं.

बेत जुनाच होता. हौसाबाईनं माघार घेतली, तात्यांना पाठिंबा दिला, असं भोंग्यावरून सांगून मोकळं व्हायचं. खरं-खोटं कळेपर्यंत मतदान उरकतं. हे औषध मी आधी एका गावात वापरलं होतं आणि ते लागू पडलं होतं. त्या गावाचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. माहीत नसणं, हीच तर त्या नियमाची गंमत होती. पण इथं तात्यांची अक्कल माझ्याही पुढं गेली. ते म्हणाले, मी सांगितलं तर लोक मानणार नाहीत, पण तिच्या भावानं सांगितलं तर मानतील.

माझ्या कपाळावरचं कुंकू अजून पुरतं गेलं नव्हतं.

तेवढ्यात मालनबाई चहाच्या कपबशा घेऊन आमच्या मागून गेल्या. बशी खाली ठेवताना त्यांचा हात मशीनकडं गेलेला मला दिसला, पण तेव्हा मी तो मनावर घेतला नाही. कप तोंडाला लावला आणि सहज बघितलं, तर मशीनवरचा तांबडा दिवा लागलेला.

मी तो बंद केला होता. स्वतःच्या हातानं बंद केला होता.

माईक तात्यांच्या गुडघ्यापाशी पडलेला. भोंगे तिकडं लांब चिंचेवर, आणि इथं त्यांच्याच इंजिनाची धडधड. त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. मी हात पुढं केला असता तर दिवा विझला असता. मी हात पुढं केला आणि बशीतला बिस्कुटाचा तुकडा उचलला.

"तात्या," मी म्हटलं, "इंजिनामुळं नीट ऐकू नाही आलं. काय म्हणायचं म्हणालात?"

तात्या माझ्याकडं वाकले, म्हणजेच माईककडं वाकले, आणि जन्मात पहिल्यांदा खणखणीत आवाजात बोलले, "अवो, हौसानं माघार घ्येतली म्हनून सांगा! थाप का आसंना, मतं पडूस्तवर कुनाच्या बापाला कळतंय? टाकी एकदा माज्या मळ्यात आली, की वरच्यांनी बसावं बोंबलत!"

"शेवटचं वाक्य पण घ्यायचं?" मी विचारलं.

"ते न्हाई, खुळं का काय! ते आपल्यात."

मालनबाई आत तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या.

थोड्या वेळानं गेनाबा काठी टेकत आला. ओसरीच्या पायरीवर बसला, टोपी काढली, डोकं खाजवलं. म्हणाला, "तात्या, हौसानं माघार घ्येतली, ते आमाला कळलं. कुनी सांगितलं, त्येबी कळलं. आता तू पानी पी, बोलून बोलून दमला असशील."

तात्यांनी आधी गेनाबाकडं, मग मशीनकडं, मग दिव्याकडं पाहिलं. त्या क्षणापासून त्यांनी मला पाव्हणं म्हणायचं सोडलं. काय म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. आम्ही वायरी गुंडाळल्या. निघताना मालनबाईंनी करंज्यांची पुरचुंडी हातात ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "भावानं भनीला म्हायेर इचारायचं नसतं, दादा. पन नवऱ्यानं तरी इचारायला पायजे हुतं."

मोशीच्या पुलावर टेम्पो आला, तेव्हा गुलाब मला म्हणाला, "गिऱ्हाइकाच्या मिठाला जागला नाहीस."

"बहिणीच्या कुंकवाला जागलो," मी म्हटलं.

"मग थुंक की नदीत."

मी थुंकलो नाही. तोंडात करंजी होती.

हौसाबाई निवडून आल्याचं आम्हाला कांद्याच्या ट्रकवाल्याकडून कळलं. गोष्ट इथं संपली असती तर मी आजही ती फुशारकीनं सांगत हिंडलो असतो. पण पुढच्या भाऊबीजेला, त्याच ट्रकवाल्याकडून पत्ता काढून, दापोडीत आमच्या दारात दोन बायका उभ्या राहिल्या. हिरव्या लुगड्यातली हौसाबाई आणि तिच्या मागं मालनबाई. माझ्या बायकोनं, सुमननं, दार उघडलं आणि माझ्याकडं असं काही पाहिलं की लग्नानंतर पहिल्यांदा मला घाम फुटला.

"कोण ह्या?"

"तुझ्या नणंदा," मी म्हटलं.

"तुम्हाला बहीण नाही असं बघायला आला तेव्हा सांगितलं होतं."

"तेव्हा नव्हती."

दोघींनी ओवाळलं. सुमननं चहा केला, कपाळाला आठ्या ठेवूनच, पण केला. मी खिशात हात घातला आणि हौसाबाईनं ताट मागं ओढलं. पंचायतीनं टाकी वरच्या वस्तीत ठरवली होती. पाया खणला होता. मग काम थांबलं ते थांबलंच. तालुक्याचा साहेब 'बघू' म्हणतोय. खड्ड्यात शेरडं बसतात.

"तुजा भोंगा घिऊन त्याच्या दारात चल," ती म्हणाली.

मी म्हटलं, "ताई, मी फक्त निवडणुकीपुरता येतो. निवडणूक झाली की माझं काम संपलं."

ती चिडली नाही. करंजीचा तुकडा मोडत म्हणाली, "तुजं संपलं, दादा. आमचं गाव कुठं गेलं न्हाई. तितंच हाय."

पुन्हा माझी पाठ धरली, आता कुठलं मतदान ते कारखान्याच्या डॉक्टरला कळेना, आणि मी आणि गुलाब भोंगे घेऊन तालुक्याला गेलो. दगड म्हणून साहेबाच्या कचेरीची पायरी वापरली. बायका भरल्या हंड्यांनी एसटी स्टँडापासून चालत आल्या आणि माईकपुढं उभ्या राहिल्या. असं काही दिवाळ्या चाललं. टाकी झाली, तेव्हा हौसाबाईच्या सुनेची दुसऱ्या खेपेची मुलगी शाळेत जात होती.

माझा धंदा मात्र बसला. परदेशातली कामं येत होती, पण गावात शिरलं की माझी नजर भिंतींवर जाण्याऐवजी चढाकडं जायची. कुठली बाई कुठून पाणी आणते, ते बघायचो. ह्यातली कोण पुढच्या भाऊबीजेला माझ्या दारात येईल, असं वाटून जीभ अडखळायची. अडखळणारा भोंगा कोण घेईल? ऐंशीनंतर तर प्रचाराच्या कॅसेटी आल्या. कॅसेटीला बहीण नसते. मी भोंगे एका लग्नवाल्याला देऊन टाकले, गुलाब कारखान्यांच्या पाट्यांकडं परत गेला.

हे सगळं मी त्या दिवशी अमोलला सांगितलं. बायकोनं दाबलेला पाय बाजूला घेऊन सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, पोरगं वाईट नाही. शेवटी म्हणाला, "भारीच की, मामा. पण मला त्यातनं काय शिकायचं?"

मी विचारलं, "त्या तुझ्या देशात भाऊबीजेला तुला कोण ओवाळतं?"

"मामा, तिकडं भाऊबीज नसते."

"म्हणूनच तुझा धंदा चालतो," मी म्हटलं आणि मटणाची वाटी पुढं केली.